डाळ न शिजणारं पाणी

“या बी मेल्या?”

रहिमाबीनं तांब्याच्या हंड्यात डोकावून विचारलं. कळमनुरीच्या बाजारात, भर गर्दीत. बोटाएवढे मासे पोट वर करून तरंगत होते.

“वाटंत जित्त्या व्हत्या, बीबी,” रुख्मिणीबाई म्हणाली.

“मेलेली मछली विहिरीत सोडू काय? डासांच्या अळ्या कोण खाईल, तुझा दीर?”

लोक हसले. दीर मसाजीही हसला. मग हसायचा थांबला.

“वैनी, पुढच्या बाजारी बी मेल्या तर हंडा मोडीत. लढाई चालू हाय, तांब्याला भाव हाय. लोकं म्हणून राहिले, तुमचा हातच वाईट.”

हंडा आईचा होता. नवरा गेल्यापासून लोकांच्या विहिरींसाठी जिते मासे नेणं हाच तिचा धंदा.

थोडं मागं. आधी मासे न्यायला माठ होते. कयाधू नदीच्या खडकांवर फुटले. म्हणून हा हंडा. बाजाराच्या आदल्या दिवशी ती तो चिंचेनं घासायची, आतून-बाहेरून, तोंड दिसेपर्यंत. मग लांबच्या तळ्याचं गोड पाणी. एका उकळीत डाळ शिजवणारं. माशांना आणखी काय द्यावं माणसानं?

मासे मरत.

पुढे. येत्या बाजाराची आदली संध्याकाळ.

“मरायचंच हाय ना तुमाला? मंग डाळीचं पाणी काहून नासवू?”

ती माशांवरच खेकसली. हंडा मात्र घासला. मोडीत जायचा तर चमकत जाऊ दे. त्यात दाराजवळच्या विहिरीचं जड पाणी ओतलं. त्या पाण्यात डाळ दुपारपर्यंत दगडच राहते.

दोन मासे तेवढे तांब्याच्या गडूत, गोड पाण्यात. न राहवून.

पहाट.

गडूत: दोन्ही पोट वर.

हंड्यात तिनं हात घातला. बोटांना काहीतरी लुचलं.

पुन्हा लुचलं!

(गोड पाण्यात तांबं उतरतं आणि माशाच्या कल्ल्यांत शिरतं. जड पाण्यातला चुना कल्ल्यांच्या दारात उभा राहतो, तांब्याला सहजी आत येऊ देत नाही. हे तिला कोणी सांगितलं नाही. तिनं गडू पाहिला, हंडा पाहिला आणि ती मोठ्यानं हसली.)

“बीबी! भाईर या! बघा!”

रहिमाबीच्या विहिरीत हंडा रिता झाला. मासे चमकले, पांगले, चहूकडे पळाले. गल्ली काठावर वाकली. मसाजी सगळ्यांत जास्त वाकला. त्याचा रुमाल पाण्यात पडला. मासे रुमालाभोवती गोळा झाले.

“राहू दे,” रहिमाबी म्हणाली. “अळ्या संपल्या की तोच खातील. रुख्मिणी, माझ्या बहिणीच्या विहिरीला बी आण.”

“आणीन. दोन विहिरींपुरते आणीन!”

त्यानंतर चिंच बंद. हंड्याच्या आत चुन्याची पांढरी रेघ चढत गेली.

“घासून देऊ का, वैनी?” मसाजीनं एकदा विचारलं.

“राहू द्या.”

आईच्या हंड्यात आता तिला तोंड दिसत नव्हतं. तिनं तो काळपट हंडा डोक्यावर घेतला. आतलं पाणी हलत होतं. चालतानाच नाही, उभी असतानाही.