कोपऱ्यातला बाण

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. लगेच नाक मुरडू नका! माझ्यात विटा भाजत नाहीत की लोखंड वितळवत नाहीत. शिवणयंत्राएवढी मी, आणि माझ्या पोटात बोटाच्या टोकावर बसतील अशा दोन इवल्याशा वाट्या. एकीत तपासायचा पदार्थ ठेवतात, दुसरी रिकामी. मग दोघींना सारखंच तापवायचं आणि बघत बसायचं. पदार्थ वितळू लागला की तो उष्णता गिळतो, त्याची वाटी तापण्यात मागे पडते आणि माझं पेन सरकत्या कागदावर डावीकडे झेपावतं. पदार्थानेच उष्णता बाहेर टाकली तर त्याची वाटी पुढे पळते आणि पेन जातं उजवीकडे. बस्स, एवढंच माझं काम. या दोन वाट्यांना सगळे 'जावा' म्हणतात, कारण एकीला काय मिळालं यावर दुसरीचा सतत डोळा!

मला घडवलं पारा आजीने. तेव्हा ती आजी नव्हती, पण पारा मात्र तेव्हाही चढायचाच. केसाएवढ्या बारीक तारा जोडताना तिच्याशी कुणी बोललं की संपलंच. पहिल्यांदा मला सुरू केलं तेव्हा माझं पेन जागचं हललं नाही. तिने मला चार गोष्टी सुनावल्या, एक तार काढून पुन्हा लावली आणि इंडियमचा कण वाटीत टाकला. इंडियम म्हणजे चांदीसारखा चमकणारा मऊ धातू. त्याच्या वितळण्याचं तापमान ठरलेलं आहे. त्यात तो कधी दगा देत नाही. ते तापमान आलं आणि माझं पेन सुळकन डावीकडे गेलं! पारा आजी तो कागद फडकवत सगळ्या व्हरांड्यातून धावली होती. काय सांगू, तो आनंद आठवला की अजून माझ्या तारा शहारतात.

माझ्याभोवती हळूहळू माणसं जमली. कुणी साबण करणारे, कुणी औषधं करणारे, कुणी प्लास्टिकच्या कारखान्यातले. कोणती वस्तू किती उष्णतेला वितळते, फुटते, बिघडते, या एकाच गोष्टीचं सगळ्यांना वेड. त्यांनी मंडळ स्थापलं: उष्णतामापन मंडळ. दर वर्षीची सभा माझ्या हातून सुरू होते. सगळ्यांसमोर माझ्यात इंडियमचा कण वितळवायचा, पेन डावीकडे गेलं की टाळ्या वाजवायच्या, मगच खुर्चीवर बसायचं.

या मंडळींचं एक भांडण मात्र मला फार आवडतं. संगणकावर आलेख काढताना काही जण गिळलेली उष्णता खाली दाखवतात, काही जण वर. दोन्ही चालतं. पण जेवायच्या सुट्टीत खालवाले आणि वरवाले वेगवेगळ्या टेबलांवर बसून एकमेकांना टोमणे मारतात! म्हणून पारा आजीने नियम केला आहे की प्रत्येक आलेखाच्या कोपऱ्यात एक बाण काढायचा. गिळलेली उष्णता कुठल्या दिशेला, ते बाणाने सांगायचं.

पुढे पडदा असलेली नवी यंत्रं आली. काम झटपट होऊ लागलं आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली, मोडक्या छत्र्यांच्या शेजारी. कौतुक करणारे हात दुसरीकडे वळले. वाईट वाटायचं, का खोटं बोलू? पण सभेचा दिवस उजाडला की मला पुसून पुन्हा सभागृहात आणायचे, आणि मी सगळं विसरून जायचे.

आता ऐका त्या सभेची गोष्ट! पारा आजीची सून याच मंडळात काम करते. सगळे तिला सूनबाईच म्हणतात. घरी सासूला ती 'आई' म्हणते, पण सभेत 'अध्यक्षबाई' म्हणायचं, असा आजीचा दंडक. या सूनबाईने एक पिशवी तयार केली होती. आत मेणासारखा पदार्थ. पिशवी गरम पाण्यात बुडवली की मेण वितळतं, आणि मग कितीतरी वेळ हळूहळू थिजत ऊब देत राहतं. वेळेआधी जन्मलेल्या, अंगात ऊब न टिकणाऱ्या बाळांच्या खाली ती ठेवायची. मेण एका जागी गोळा होऊ नये म्हणून सूनबाईने त्यात एक पांढरी पूड मिसळली होती. मंडळाने पिशवी निर्धोक ठरवली की इस्पितळ ती वापरणार होतं. त्या इस्पितळातली नर्स मागच्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या खोलीत आत्ताच एक मूठभर बाळ होतं, आणि वीज सारखी जात होती.

माझं पेन हललं, टाळ्या झाल्या. मग सचिवकाका उठले. काका माणूस भला, पण शंका आली की जळवेसारखे चिकटून बसतात. मंडळाच्या रीतीप्रमाणे स्वतःची वस्तू स्वतः मोजून चालत नाही, म्हणून पूड परगावच्या प्रयोगशाळेकडे पाठवली होती. तिथला आलेख काकांनी भिंतीवर दाखवला. गरम पाण्याच्या तापमानाशीच रेघेने वर टेकाड केलं होतं.

"ही पूड स्वतःहून उष्णता बाहेर टाकतेय," काका म्हणाले. "पिशवी गरम पाण्यात घातली आणि आतूनही तापली, तर? तान्ह्या बाळाच्या पाठीला चटका बसेल. माफ करा सूनबाई, मी सही करणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बघू."

"पण माझ्या मोजणीत ती उष्णता गिळते!" सूनबाई उठली.

"तुमची मोजणी धरता येत नाही."

सूनबाईने आशेने सासूकडे पाहिलं. सुनेची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये म्हणून पारा आजी समोरचे कागद चाळत राहिली. मागे नर्स पिशवीची घडी घालू लागली. अहो, पुढचं वर्ष! त्या मूठभर बाळाला कुठलं पुढचं वर्ष? मी टेबलावर नुसती चडफडत होते.

सूनबाई मात्र भिंतीकडे टक लावून पाहत होती. एकदम तिने आपला आलेख पर्समधून ओढला, उलटा केला आणि खिडकीच्या काचेला लावला. पाठीमागून उजेड आला आणि कागदावरची दरी टेकाड होऊन दिसू लागली. हुबेहूब भिंतीवरचं टेकाड!

"आई!" ती सभेचे सगळे दंडक विसरून ओरडली. "आई, अहो, ते प्रयोगशाळावाले वरवाले आहेत! त्यांचं टेकाड म्हणजे गिळलेली उष्णता! बाण कुठाय?"

सभागृहात एकच गलका उडाला. भिंतीवरच्या आलेखाचा कोपराच नव्हता! चित्र पडद्यावर मावेना म्हणून काकांनी कडा कापल्या होत्या, आणि कडेबरोबर बाणही गेला होता. मूळ आलेख काकांच्या घरी होता आणि परगावची प्रयोगशाळा सुट्टीमुळे बंद.

काकांचा चेहरा उतरला, पण माघार नाही. "असेलही. पण 'असेल'वर मी बाळाला झोपवणार नाही."

"बरोबर आहे तुमचं," पारा आजी पहिल्यांदाच बोलली. मग तिची नजर वळली. कुणाकडे वळली असेल? माझ्याकडे! "हिला कसलं आलंय वर न् खाली. उरलेली पूड आहे ना? हिच्यात घाला."

"पूड भरायला वाट्या काढून परत लावताना तारा उलट्या लागल्या तर?" काका लगेच म्हणाले.

"म्हणून एकाच वाटीत पूडही घालायची आणि इंडियमही. इंडियम वितळताना उष्णता गिळतो हे तर मान्य ना? पूड आणि इंडियम एकाच बाजूला गेले तर पूडही गिळते. चालेल?"

"चालेल. आणि पूड मी भरणार."

"भरा!"

पण मी तर मघाच्या इंडियमने तापलेली, आणि थंड झाल्याशिवाय दुसरी फेरी घेता येत नाही. मग काय, माझं टोपण उघडलं आणि अख्खं मंडळ कार्यक्रमपत्रिका घेऊन मला वारा घालू लागलं! एका बाजूने खालवाले, दुसऱ्या बाजूने वरवाले. जन्मात माझे इतके लाड झाले नव्हते.

फेरी सुरू झाली. कागद सरकू लागला. तापमान चढत गेलं. कुणी खोकेना. गरम पाण्याचं तापमान आलं, मला वाटीत ओढ जाणवली आणि माझं पेन डावीकडे गेलं!

"अजून टाळ्या नाहीत!" पारा आजी गरजली. खरंच होतं. आता इंडियम कुठे जातो यावर सगळं अवलंबून. तो उजवीकडे गेला तर माझ्या तारा उलट्या, आणि पूड घातक. मला माझ्या तारा ठाऊक होत्या, पण या मंडळींना ते कसं सांगणार? सूनबाईने सासूचा हात कधी धरला ते दोघींनाही कळलं नसावं. तापमान चढलं, आणखी चढलं, आणि सुळकन! पेन पुन्हा डावीकडे!

काय जल्लोष झाला म्हणता! पूड उष्णता गिळतच होती. पिशवी जास्त तापू नये म्हणून उलट राखणच करत होती. वरवाल्यांनी खालवाल्यांना मिठ्या मारल्या. काकांनी तिथेच, माझ्या टोपणावर कागद ठेवून सही केली. ते टोपण चांगलंच तापलेलं होतं, पण काकांनी हूं की चूं केलं नाही. नर्सने सही बघितली आणि पिशवी छातीशी धरून ती चहाला न थांबता पळत सुटली.

पुढच्या वर्षीच्या सभेला ती आली तेव्हा तिच्यासोबत एक बाई होती, आणि बाईच्या कडेवर एक गुटगुटीत मुलगी. तेच मूठभर बाळ! मला नुकतंच मांडून ठेवलं होतं, टोपण उघडं, कागद सरकता, भट्टी अजून पेटवायची होती. पोरीने झुकून सरळ माझ्या पोटात हात घातला.

"अगं, भाजेल!" काका किंचाळले.

"राहू दे हो," पारा आजी म्हणाली. "थंड आहे ती."

छोटा तळहात पदार्थाच्या वाटीवर टेकला. मित्रांनो, माझ्या वाटीत आलेले बहुतेक पदार्थ माझ्याकडून उष्णता घेतच आले. ही पोरगी मला देत होती. माझं पेन थरथरलं आणि हळूच उजवीकडे गेलं. सूनबाईने ते पाहिलं. तिने डोळे पुसले आणि खिशातून पेन्सिल काढून त्या कागदाच्या कोपऱ्यात डावीकडे दाखवणारा बाण काढला.

तुमच्या आसपास जिन्याखाली एखादं जुनं यंत्र पडलं असेल, तर मुलांनो, त्याच्यावरची धूळ पुसा; त्याला अजून पुष्कळ सांगायचं असेल. आणि कधी आलेख काढलात, तर कोपऱ्यातला बाण विसरू नका. तुम्हाला माहीत नसतं, तुमच्या कागदाकडे कुठलं बाळ डोळे लावून बसलं आहे.