मागच्या चार रांगांची थंडी

मी एक जुनी पिवळी बस आहे. मॉन्टानातल्या कोल्टर फ्लॅट गावच्या सरकारी हायस्कूलची, चार नंबरची. मित्रांनो, आपली गोष्ट जन्मापासून क्रमाने सांगायची असते हे मला ठाऊक आहे. पण मला वर्षं नीट आठवत नाहीत, रांगा आठवतात. माझ्यात बारा रांगा आहेत. तेव्हा पुढच्या पायरीवरून आत या आणि माझ्याबरोबर हळूहळू मागे चला. जे सांगायची मला लाज वाटते, ते मागच्या रांगांत आहे.

चालकाची जागा

इथे व्हर्ना हाउगेन बसायची. कारखान्यात माझा पत्रा वाकवला, रंग दिला, कपाळावर काळ्या अक्षरांत नाव लिहिलं, ते मला अंधुक आठवतं. पण मला खरी ओळख दिली ती व्हर्नाने. ती मला गावात घेऊन आली तेव्हा तिचे केस तपकिरी होते. ती दिवसभर सूर्यफुलाच्या बिया चघळायची आणि सालं कॉफीच्या रिकाम्या पेल्यात टाकायची. रोज संध्याकाळी ती एका वहीत माझ्या तब्येतीची नोंद करायची. डावा दिवा मंद. वायपर झिजला. मागचा हीटर. ही शेवटची नोंद तिने इतक्या वेळा केली, की पुढे पुढे ती नुसती ‘मा. ही.’ लिहू लागली. ती वही कोणी वाचत नसे.

पहिली रांग

ही कोचची. बास्केटबॉलचे कोच रेमंड ऑस्टबी, उंच आणि वाकलेले. समोरच्या हीटरपाशी बूट काढून पाय शेकत बसायचे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. मुलींच्या आईवडिलांची नावं, कोणाचा गुडघा दुखतो, कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, सगळं त्यांना पाठ होतं.

त्यांचा एक नियम होता. बाहेरगावी सामना हरलो, तर परतीच्या वाटेवर पहिले वीस मैल बसमध्ये कोणी एक शब्द बोलायचा नाही. हार गिळायची, म्हणजे ती पचते, असं ते म्हणत. त्यांच्या कोचनेही त्यांना तसंच वाढवलं होतं. जिंकून परतताना मात्र इतका गोंगाट असे, की माझ्या काचा थरथरायच्या.

दुसरी, तिसरी, चौथी

इथे माझे चांगले दिवस आहेत. तेव्हा माझ्यातून मुलांचा फुटबॉलचा संघ जायचा. शाळेच्या संघांचं नाव बायसन, म्हणजे रानगवे. ते एकदा राज्याच्या अंतिम सामन्याला निघाले, तेव्हा गावच्या अग्निशमन दलाचा बंब घंटा वाजवत माझ्यापुढे चालला होता. बायाबाप्ये रस्त्याकडेला उभे राहून टोप्या हलवत होते. ते सगळं माझ्यासाठी आहे असं मला वाटलं.

मग संघाच्या पाठीराख्यांनी मुलांसाठी एक उंच, काळ्या काचांची नवी गाडी आणली. तिच्या खुर्च्या मागे रेलायच्या. माझ्या वाट्याला मुलींचे संघ आले.

मित्रांनो, खरं सांगते. मुली आल्या म्हणून मला अपमान वाटला होता.

पाचवी ते आठवी

इथे सांगण्यासारखं काही नाही. च्युइंगम आहे.

नववी

इथून मागे थंडी सुरू होते. पुढे कोच आणि सामान, मागे संघ, अशी बसायची जुनी पद्धत होती.

या रांगेत मारेन तोलेफसन आणि जॉस पिकरेल बसायच्या. दोघी बारावी इयत्तेतल्या. मारेन संघाची कर्णधार. अंगाने किरकोळ, पण चेंडू हातात आला की कोणाच्या बापाला सापडायची नाही. शिवाय ती शाळेच्या वर्तमानपत्राचं काम बघायची. सामन्याला जाताना तिच्या मांडीवर एक वही असे आणि हातमोज्यांतून ती कसंबसं लिहीत असे. जॉस मात्र नुसती बडबडायची.

“आपण म्हणे ‘लेडी बायसन’,” जॉस एकदा म्हणाली. “मुलं नुसती बायसन, आणि आपण लेडी! गव्यांच्या कळपात लेडी असते का गं कुठे? टोपी घालून चरते?”

“असते की,” मारेन म्हणाली. “कळपात जी गारठून मरते ना, तिलाच लेडी म्हणतात.”

“मग मी महाराणी. माझे पाय कधीच मेलेत.”

माझा मागचा हीटर पन्नासेक मैल बरा चाले. मग त्याच्या गरम पाण्याच्या नळीत हवा अडकायची आणि गरम वाऱ्याऐवजी थंड वारा येऊ लागायचा. मिस्त्रीने नळीतली हवा काढली की तो पुन्हा एकदोन तास शहाण्यासारखा वागे. हे व्हर्नाला ठाऊक होतं, मिस्त्रीला ठाऊक होतं आणि मागे बसणाऱ्या प्रत्येक मुलीला ठाऊक होतं. पण त्या मुलखात थंडीबद्दल कुरकुरणं लाजिरवाणं समजतात. मुली रजया आणायच्या, एकमेकींच्या काखेत हात घालून बसायच्या आणि गप्प राहायच्या.

दहावी

जानेवारीतला एक शनिवार. बाहेर शून्याखाली पंचवीस. स्टोनिंग्टनला सामना होता, एकशे वीस मैलांवर. या रांगेत ट्रूडी रोस्टॅड बसली होती. नववी इयत्तेतली, संघात नवीन. उतरताना तिच्या दोन बोटांची टोकं मेणासारखी पांढरी झालेली मी पाहिली. सामन्यात तिच्या हातून चेंडू दोनदा सुटला आणि आम्ही एका गुणाने हरलो.

परत निघालो. नियम सुरू झाला. पाचव्या मैलाला मारेन उठून उभी राहिली.

“कोणाकोणाला पायाची बोटं जाणवतायत? हात वर करा.”

एकही हात वर गेला नाही. कोचनी मागे न वळता विचारलं, “मारेन, नियम काय आहे आपला?”

“वीस मैल, कोच.”

“झाले किती?”

“पाच. पण ट्रूडीची बोटं पांढरी पडलीत, आणि आता पुन्हा गार वारा यायला लागलाय.”

“मग तिला हातमोजे घालायला सांग. तुम्ही इथल्या मुली ना? थंडीचं काय कौतुक सांगता! तू ये, इथे माझ्याशेजारी बस.”

“तिथे ऊब आहे, कोच. मी मागेच बसते.”

कोचना तो उर्मटपणा वाटला. खरं तर ते नुसते उठून नऊ रांगा मागे चालत आले असते, तर ही गोष्ट इथेच संपली असती. आले नाहीत. हरलेल्या कोचने मुलींना आपला चेहरा दाखवू नये, असंही त्यांना कोणीतरी शिकवलं होतं.

अकरावी

दहा दिवसांनी या रांगेवर मुख्याध्यापक मिस्टर डनलीवींनी वर्तमानपत्राचे सहा गठ्ठे आणून टाकले. करकरीत नवे, एकही प्रत न वाटलेले.

“हे रद्दीत देऊन या, व्हर्ना,” ते म्हणाले. “शाळेचं पत्र शाळेची बदनामी करायला नसतं.”

व्हर्नाने सालं पेल्यात टाकली. “आहे काय त्यात?”

“तुमच्या या खटाऱ्याबद्दल आहे.”

ते गठ्ठे दोन दिवस माझ्यात पडून होते. वरचं पान उघडंच होतं. मी ते वाचलं. ‘मागच्या चार रांगा’ असं मारेनने वर लिहिलं होतं. तिने रागावून काहीच लिहिलं नव्हतं. कोणत्या मैलाला हीटर बंद पडला, आत किती थंडी होती, ट्रूडीची बोटं किती वेळाने गुलाबी झाली, एवढंच होतं. आणि एक प्रश्न होता: मुलांच्या गाडीत हे झालं असतं, तर ते किती दिवस चाललं असतं?

तुम्हाला वाटेल मला तिचा अभिमान वाटला असेल. नाही. मी भडकले. गावाने जिच्यापुढे बंब वाजवत नेला, तिला ही पोरगी गळकी, गारठलेली म्हणते! छापलं नाही ते बरंच झालं, असं माझ्या मनात आलं.

मुली गप्प बसल्या नाहीत. गावातल्याच पुढच्या सामन्यात सगळा संघ जाड कोट, लोकरी टोप्या आणि हातमोजे घालून सरावाला उतरला. बोलल्या काहीच नाहीत. तशाच धावल्या, तसेच चेंडू टाकले. हे मला जॉसच्या बडबडीतून कळलं.

“माझा काका मला म्हणतो, जॉस, लाज वाटते का? मी म्हटलं, नाही काका, उकडतंय.”

गावात दोन तट पडले. पोरींना हवं ते म्हणू द्या, असं एक तट म्हणे. शाळेच्या कपड्यात शाळेविरुद्ध बोलायचं नाही, असं दुसरा. शेवटी शाळामंडळाचे तीन सभासद स्वतः पाहणी करायला येतील असं ठरलं.

ते मंगळवारी भर दुपारी आले. लख्ख ऊन पडलं होतं. आदल्या दिवशी मिस्त्रीने माझ्या नळीतली हवा काढून ठेवली होती. व्हर्नाने इंजिन चालू केलं. तिघे मागच्या रांगांत जाऊन बसले.

आणि मी गरम वारा सोडला. जीव ओतून सोडला. कितीतरी वर्षांनी कोणीतरी मोठी माणसं मला बघायला आली होती.

“अरे, इथे तर पाव भाजता येईल,” एकजण कोट काढत म्हणाला.

मारेन पायरीवर उभी होती. “सर, आत्ता चालतंय ते. साठ मैल जाऊन बघा ना. आजच जाऊ या. मी येते बरोबर.”

“बाळ, आम्हाला कामं आहेत.”

“मग व्हर्नाला विचारा. तिच्या वहीत आहे सगळं.”

तिघांनी व्हर्नाकडे पाहिलं. मिस्टर डनलीवींनीही पाहिलं. व्हर्ना आरशाची काच पुसत राहिली. तिला निवृत्त व्हायला एक वर्ष उरलं होतं. ती एवढंच म्हणाली, “आज तर बरी चालतेय.”

ती तसं म्हणाली, याबद्दल मी तिला बोल लावत नाही. तिला भीती वाटत होती. मला तर भीतीही नव्हती. मी खूश होते.

बारावी

मंडळाचा निकाल असा लागला: मारेनने खोटं लिहिलं. तिने संघासमोर माफी वाचून दाखवावी, नाहीतर उरलेला हंगाम तिला खेळता येणार नाही. जिल्ह्याची स्पर्धा चार दिवसांवर होती. तिची शाळेतली ती शेवटची स्पर्धा.

वाहनतळावर माझ्या शेजारी उभं राहून जॉसने तिला खूप समजावलं. “वाच की गं. दोन ओळी तर आहेत. वाच आणि खेळ. कोणाला काय फरक पडतोय?”

“ट्रूडी समोर बसलेली असणार,” मारेन म्हणाली. “तिच्या तोंडाकडे बघून मी म्हणू, की तिला थंडी वाजली नव्हती?”

तिने वाचली नाही.

स्पर्धेला आम्ही तिच्याशिवाय गेलो. नववी रांग अर्धी रिकामी. चाळिसाव्या मैलालाच माझा मागचा वारा गार झाला. मी धडपडले, पण नळीत हवा शिरल्यावर यंत्राच्या जीव ओतण्याला काही अर्थ नसतो. मुली आखडलेल्या अंगाने उतरल्या आणि पहिल्याच फेरीत हरल्या.

परतीचा प्रवास सुरू झाला. शांतता. सातव्या मैलाला ट्रूडीला खोकला सुरू झाला आणि थांबेना. कोचनी दोनदा मान वळवली. तिसऱ्यांदा मात्र ते मोजे घातलेल्या पायांनीच उठले आणि मागे चालत आले. आठवी रांग ओलांडली तसे ते थबकले. त्यांच्या तोंडातून वाफ निघाली. आपलीच वाफ ते बघत राहिले. मग वाकून त्यांनी मागच्या हीटरसमोर हात धरला. बराच वेळ धरला.

“हे कधीपासून असं आहे?”

कोणी बोललं नाही.

“मी विचारतोय. कधीपासून?”

बारा मुली समोर बघत बसल्या. शेवटी जॉस, जिची जीभ कधी टाळ्याला लागली नव्हती, ती अगदी हळू म्हणाली:

“अजून तेरा मैल बोलायची परवानगी नाही, कोच.”

कोच तिथेच, बाराव्या रांगेत बसले. थेट गाव येईपर्यंत. वीस मैल झाल्यावरही कोणी बोललं नाही.

मागचं दार

दुसऱ्या दिवशी कोच व्हर्नाची वही घेऊन मिस्टर डनलीवींकडे गेले. काय बोलणं झालं मला माहीत नाही. मारेनचा लेख एप्रिलमध्ये छापून आला, तिसऱ्या पानावर, नाटकाच्या बातमीखाली. तोवर बर्फ वितळलं होतं आणि थंडीबद्दल वाचायला कोणाला सवड नव्हती. कोच स्वतः मारेनच्या घरी गेले, दारात उभे राहून माफी मागितली. तिने त्यांना आत बोलावून कॉफी दिली म्हणे. पण हंगाम संपला होता. तो कोणी तिला परत देऊ शकलं नाही. कॉलेजच्या संघासाठी खेळाडू निवडणारी माणसं त्या स्पर्धेला आली होती. मारेन त्यांना दिसलीच नाही.

पुढच्या वर्षी मुलींना नवी बस मिळाली. मला मैदानामागे उभं केलं आहे. माझ्यात आता अडथळ्यांच्या शर्यतीचे लाकडी सांगाडे आणि फाटकी जाळी ठेवतात. टायर जमिनीत रुतलेत. उन्हाळ्यात चिमण्या येतात.

इथे उभी राहून मी पुष्कळ विचार करते. मला रोज धुणारी माणसं होती, माझ्यापुढे बंब वाजवणारी होती. पण माझ्या आत नेमकं काय बिघडलंय, ते बसून, मोजून, वहीत उतरवून, चार लोकांसमोर सांगणारी एकच मुलगी होती. मी दुरुस्त व्हावी, एवढंच तिला हवं होतं. आणि मी तिला माझी वैरीण समजले.

मित्रांनो, माझ्यासारखं वागू नका. तुमच्या घराबद्दल, शाळेबद्दल, संघाबद्दल कोणी वाईट बोललं, तर आधी रागावू नका आणि त्याचं तोंड बंद झालं म्हणून आनंद मानू नका. उठा. तो बसलाय तिथे जा. त्याच्या शेजारी बसा, आणि आपल्यालाही थंडी वाजते का ते बघा.

माझं मागचं दार आता उघडंच असतं. वारा येतो आणि जातो. मारेन परगावी शिकायला गेली. ती गेली त्या दिवशी बंब आला नव्हता, मीही नव्हते. बसस्थानकापर्यंत तिला जॉसने आपल्या काकाच्या गाडीतून सोडलं.