रिकाम्या जागा कुणाच्या

शिओक हुईचा शोधलेख दुसऱ्या दिवशी छापायला जाणार होता, आणि ती सकाळपासून एका जागी बसत नव्हती. मी, हफीझुल, प्रयोगशाळेत तिच्या शेजारच्या टेबलावर काम करतो. माझ्या कॉफीचे दोन घोट तिने न विचारता घेतले आणि कप कुठे ठेवला ते विसरली.

ग्राफीन म्हणजे एका अणूच्या जाडीचा कार्बनचा पापुद्रा. त्यावर आर्गॉन वायूच्या भारित कणांचा हलका मारा करून मोजके अणू उडवायचे, म्हणजे त्या छिद्रांतून पाणी जाईल आणि मीठ अडेल, हे तिचं काम. सूक्ष्मदर्शकातून काढलेली छिद्रांची चित्रं सुरेख आली होती. आमचे प्रोफेसर कूह खूश होते.

"झालंय काय तुला?" मी विचारलं.

"मारा न केलेला पापुद्रा मी घाईघाईतच बघितला होता रे. सूक्ष्मदर्शकाचा इलेक्ट्रॉनचा झोतच अणू उडवत असला तर?"

सूक्ष्मदर्शकावरची दुपारची माझी पाळी तिने मागून घेतली. कोरा पापुद्रा ठेवला आणि नेहमीइतकाच वेळ झोत रोखला. पडद्यावर षटकोनांची जाळी नीट दिसत होती. मग एका जागी काळा ठिपका आला, तिथला अणू उडाला होता. त्याच्या शेजारी दुसरा. हुई उठली, पुन्हा बसली, नखं कुरतडत बघत राहिली.

प्रोफेसर कँटीनमध्ये माशाचं सूप पीत होते. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"लेख उद्या जायचाय, हुई."

"पाठवू नका, प्रोफ. त्यातली छिद्रं माझी किती आणि झोताची किती, मलाच माहीत नाही."

ते चिडले. हे आधी का नाही बघितलं, म्हणाले. मग आपणही विचारलं नव्हतं हे त्यांना आठवलं. सूप तसंच टाकून ते आमच्याबरोबर वर आले आणि तो ठिपका त्यांनी डोळ्यांनी पाहिला.

झोत सौम्य करून सगळे नमुने पुन्हा पाहण्यात कित्येक महिने गेले. कोऱ्या पापुद्र्याला आता काही होत नव्हतं. मारा केलेल्यांवर छिद्रं होती, पण विरळ. पाणी जेमतेम जायचं. मधल्या काळात एका कोरियन गटाचं तसलंच काम छापून आलं. प्रोफेसर तिच्याशी कामापुरतंच बोलायचे.

शेवटी लेख गेला, अगदी लहानसा. त्या संध्याकाळी मी तिला साटे, म्हणजे काडीला लावून भाजलेलं मांस, खायला नेलं. वाटलं, आता तरी निवांत बसेल. पण समोरच्या काड्या गार होत होत्या, आणि आर्गॉनचा मारा थोडा तिरका केला तर काय होईल, हे ती मला विचारत होती.