मफलरचा वास

शनिवारी दुपारी मी मुकादमाला घेऊन एकटाच मैदानावर गेलो. यात तसं सांगण्यासारखं काही नाही. पण तिथे मला जो धक्का बसला तो अजून उतरलेला नाही. लिहून काढला तर उतरेल, असं वाटतं. न उतरला तर निदान कागदावर तरी राहील.

मुकादम म्हणजे आमचा कुत्रा. तपकिरी, मध्यम चणीचा, एक कान उभा आणि एक पडलेला. घरात आला त्या दिवशी तो सगळ्या खोल्यांतून फिरला, आणि कामावर कोण गैरहजर आहे ते बघावं तसं प्रत्येक वस्तूला नाक लावून आला. माझ्या मुलाने तिथेच त्याचं नाव ठेवलं. आणला मात्र सूनबाईने. "बाबा, तुम्हाला सोबत होईल आणि पायही मोकळे होतील," असं म्हणत तिने त्याची दोरी माझ्या हातात दिली. माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ते काय आहे हे मला सांगता आलं नसतं.

माझं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं. दुसऱ्याची चूक शोधायची आणि समासात हळूच खूण करायची. मोठ्याने बोलायची वेळच आली नाही. त्यामुळे कुत्र्याला हुकूम सोडायचा या कल्पनेनेच मला घाम फुटला. मी वाचनालयातून श्वानपालनाची मिळाली तेवढी पुस्तकं आणली. केस उलट्या दिशेने विंचरून कातडी बघावी, कानामागे गोचीड शोधावी, फिरून आल्यावर पंजे कोमट पाण्याने धुवावेत, हे सगळं मला जमलं. अडलं ते एका वाक्यापाशी: आज्ञा एकदाच द्यावी आणि ठाम आवाजात द्यावी. ठाम आवाज मी न्हाणीघरात दार लावून घोटला.

"बाबा, आत कुणाशी बोलताय?" सूनबाईने बाहेरून विचारलं.

"कुणाशी नाही. कुत्र्याशी."

"कुत्रा इथे बाहेर आहे, बाबा."

पण आश्चर्य म्हणजे मुकादम माझं ऐकू लागला. 'बस' म्हटलं की बसे. कुठल्याही कोपऱ्यावर 'चल' म्हटलं की थेट घराकडे वळे, आणि दोरी कधी ताणली जात नसे. जन्मात पहिल्यांदा माझ्या शब्दावर कुणीतरी हललं होतं. मी पुस्तकाच्या त्या पानावर बोट ठेवून मुलाला म्हणालोही, "बघ, पद्धतशीर केलं की जमतं."

मुलगा नुसता हसला. त्याच्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं.

मला चालता चालता वाचायची सवय आहे. प्रकरण रंगात आलं की वळण निघून जातं, आणि मान वर करावी तर रस्ता ओळखीचा नसतो. मुकादम येण्याआधी असं काही वेळा झालं होतं. एकदा दूधवाल्याने मला त्याच्या गाडीवरून घरी सोडलं, आणि सगळी गल्ली दारात आली. तिथवर सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. पण या हिवाळ्यात माझ्या वस्तू हरवू लागल्या. आधी कानटोपी गेली, मग एका पायाचा मोजा, मग मफलर. मफलर राखाडी होता. त्याच्या एका टोकाला मी स्वतः तपकिरी लोकरीने रफू केलेलं होतं. ते इतकं वाईट होतं की चोरानेही परत आणून दिला असता. आम्ही सगळं घर पालथं घातलं. मुलाने आणि सूनबाईने दोन्हीकडून धरून माझा पलंगही हलवला.

"बाबा, नीट आठवा. काढून कुठे ठेवलात?" मुलगा म्हणाला.

"खुंटीवर."

"खुंटीवर नाहीये."

"मग मला आठवत नाही," मी म्हणालो. आणि खरंच, इतक्या वेळा विचारल्यावर मला खुंटीसुद्धा आठवेनाशी झाली.

शुक्रवारी जेवताना त्याने विषय काढला. "बाबा, रविवारपासून घराची किल्ली माझ्याकडे द्या. फिरायला आपण दोघं जाऊ. मला वेळ असेल तेव्हा."

त्याला वेळ असणं म्हणजे उंबराचं फूल. माझं वाचनालय, माझी सकाळ, माझा कुत्रा, सगळं त्या किल्लीच्या मागे बंद होणार होतं. "बघू," मी म्हणालो. सूनबाई ताटातलं काहीतरी शोधत राहिली.

दर शनिवारी ती मुकादमाला मैदानावर मास्तरांकडे न्यायची. हे मास्तर कुत्र्यांना शिकवतात, म्हणजे उड्या मारायला आणि पळायला, असं मला वाटायचं. त्या शनिवारी तिला कामावरून निघायला उशीर होणार होता. मला वाटलं, आपणच न्यावं. एवढ्या लांब एकटं जाऊन सुखरूप परत आलो, आणि वर मास्तरांकडून आपल्या शिकवणीबद्दल चार बरे शब्द आणले, तर मुलाला काही बोलायला जागा राहणार नाही. पुस्तक मी मुद्दाम घरी ठेवलं.

मैदान बंद पडलेल्या कारखान्याच्या मागे आहे. जमिनीत अर्धे पुरलेले टायर, फळ्यांचा उतार, एक पत्र्याची शेड. गळ्यात शिट्टी अडकवलेले मास्तर एका बेकरीवाल्या बाईंवर ओरडत होते. बाईंचा चिमुकला कुत्रा टायरमध्ये बसून राहिला होता.

"बाई, त्याला पाव नका दाखवू. तो पाव बघायलाच आत बसलाय."

मग त्यांचं लक्ष मुकादमाकडे गेलं. "अरे, आलास का? आज तुझ्या बाई नाही आल्या? तुम्ही कोण काका, शेजारी का?"

मी तोंड उघडलं. पण लोकांनी माझ्याबद्दल काही ठरवलं की ते खोडून काढणं मला कधीच जमलेलं नाही. माझी मान आपोआप हलली.

"बरं झालं आणलंत. ह्याचा एक दिवससुद्धा चुकवायचा नाही. ह्याचं काम जोखमीचं आहे."

"कसलं काम?"

"बाईंनी सांगितलं नाही? त्यांचा सासरा हरवतो ना." मास्तरांनी खिशातून उकडलेल्या अंड्याचा तुकडा काढून मुकादमाला दिला. "म्हातारा वाट चुकतो, घरात स्वतःशीच बोलतो. पण फिरायची हौस दांडगी. दाराला कुलूप लावायचं तर बाईंचा जीव होत नाही. म्हणून हा. म्हातारा कुठे गोंधळून उभा राहिला की ह्याने जाऊन त्याच्या पायावर बसायचं, म्हणजे तो पुढे भरकटत नाही. आणि 'चल' म्हटलं की जिथे असेल तिथून थेट घर गाठायचं. त्या एका शब्दावर मी महिनाभर घाम गाळलाय."

माझ्या कानात छापखान्यातलं जुनं यंत्र सुरू झाल्यासारखं झालं. मास्तरांचे ओठ हलताना दिसत होते, पण शब्द मागून येत होते.

"'चल' तुम्ही शिकवलंत?" मी विचारलं.

"मग कोण शिकवणार? बाई सांगत होत्या, म्हाताऱ्याला वाटतं आपणच शिकवला, पुस्तक वाचून." ते मोकळेपणाने हसले. बेकरीवाल्या बाईही हसल्या. मीही हसलो बहुतेक. शेजारी हसला असताच.

"थांबा, गंमत दाखवतो." ते शेडमध्ये गेले आणि खिळ्याला टांगलेली एक पिशवी घेऊन आले. तिचं तोंड दोरीने घट्ट बांधलेलं होतं. "वास उडू नये म्हणून बांधून ठेवतो. न धुतलेलं लागतं, अंगावरचं. मी हे माझ्या पोऱ्याला देतो, तो लपतो, आणि हा त्याला हुडकून काढतो."

त्यांनी पिशवीतून माझा मफलर काढला.

राखाडी. टोकाला तपकिरी रफू. पिशवीत खाली माझा मोजा होता आणि कानटोपीचा गोंडा वर आला होता. मला एवढंच आठवतं की माझा हात आपोआप गळ्याकडे गेला, जणू मफलर तिथे असायला हवा होता आणि समोरचा दुसऱ्याच कुणाचा होता.

मास्तरांनी मफलर मुकादमाच्या नाकाशी धरला. "आजोबा शोध."

पोऱ्या अजून लपलाही नव्हता, म्हणून मास्तर त्याला हाक मारायला वळले. मुकादमाने हवेत नाक उचललं, पण मैदानाकडे बघितलंसुद्धा नाही. दोन पावलं मागे आला आणि माझ्या उजव्या पायावर बसला.

"ए, हे नाही रे. हे शेजारी आहेत." मास्तरांनी दोरी ओढली. मुकादम जागचा हलला नाही. त्याचा सगळा भार माझ्या चपलेवर होता. मास्तरांनी परत मफलर हुंगवला, आणि त्याने माझ्या गुडघ्याला डोकं टेकवलं.

मास्तर मफलरकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरताना मी पाहिलं. बेकरीवाल्या बाईंनी आपला कुत्रा उचलून पोटाशी धरला.

"आजोबा," मास्तर म्हणाले. आतापर्यंत मी काका होतो. "मला वाटलं, वस्तू तुम्हाला विचारूनच आणल्या असतील."

"मला वाटलं, माझ्या हातून हरवल्या," मी म्हणालो.

ते शिट्टी नुसती बोटांत फिरवत राहिले. शेवटी त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. मी आभार मानले. का मानले कोण जाणे, सवय.

परतताना मला एकच गोष्ट दिसत होती: पलंगाचं एक टोक धरून उभी असलेली सूनबाई, आणि दुसरं टोक धरून घामाघूम झालेला मुलगा. ती उचलत होती, त्याच्याबरोबर वाकून खाली बघत होती. एवढ्यात माझ्या पायावर वजन आलं. मी थांबलो होतो, हे मला तेव्हा कळलं. मुकादम पायावर बसला होता आणि समोर एक रंगाचं दुकान होतं. ते मी आधी कधीच पाहिलं नव्हतं. हातात पुस्तक नव्हतं. म्हणायला दुसरं काही कारणही नव्हतं.

मी बराच वेळ तो शब्द म्हटला नाही. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. दुकानदाराने विचारलं, "आजोबा, कुठे जायचंय?" त्याला सांगण्यापेक्षा कुत्र्याला सांगितलेलं बरं, असं वाटलं.

"चल," मी म्हणालो. माझा आवाज अजिबात ठाम नव्हता. तो उठला आणि मला घरी घेऊन आला.

मुलगा दारातच बूट काढत होता. मी पिशवी टेबलावर उलटी केली.

"अरे, मिळालं सगळं? कुठे होतं?"

"मैदानावर. मास्तरांच्या शेडमध्ये, खिळ्याला."

तेवढ्यात सूनबाई आली. खांद्यावरची पर्स तशीच, आणि नजर टेबलावर. तिने कसलंही सोंग आणलं नाही. "मी नेलं," ती म्हणाली. "त्याला वास ओळखायला हवा होता."

मुलगा एक बूट हातात घेऊन उभा राहिला. "तुला माहीत होतं? मी पलंग हलवला. तू माझ्याबरोबर पलंग धरलास."

"धरला."

"त्या मफलरवरून मी बाबांना काय काय बोललो. किल्ली मागितली."

"तुला सांगितलं असतं तर तू त्यांना उंबऱ्याबाहेर पडू दिलं नसतंस. आणि बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी दोरी हातात धरली नसती." मग ती माझ्याकडे वळली. "धरली असती का, बाबा?"

नसती. मी वाकून मुकादमाच्या गळ्यातली दोरी सोडली.

मुलगा खुर्चीत बसला. "म्हणजे बाबा काहीच विसरत नव्हते," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती, आणि मी तिथेच गप्प बसलो असतो तर बाजी माझी होती. पण छापून जायच्या आधी चूक दिसली की तिथे खूण करावीच लागते. दुसरं काही मी शिकलोच नाही.

"आज विसरलो," मी म्हणालो. "येताना. रंगाच्या दुकानापाशी. हातात पुस्तक नव्हतं."

मी खिशातून किल्ली काढून मफलरशेजारी ठेवली. रात्रभर ती तिथेच राहिली. कुणी उचलली नाही.

सकाळी मी चहा घेत होतो. मुलगा वर्तमानपत्रात तोंड घालून बसला होता, पण पान उलटत नव्हता. सूनबाई समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, मास्तरांचा फोन आला होता. मफलरचा वास जुना झालाय म्हणाले. नवीन काहीतरी लागेल." तिने हात पुढे केला. "देता का?"

मी अंगातला स्वेटर काढला. डोकं गळ्यात अडकलं, तिने ओढून सोडवलं.

"परत कधी मिळेल?"

"शनिवारी."

"मग शनिवारी मीही येतो. मास्तरांना सांग, शेजारी येणार आहेत म्हणून."

ती हसली नाही. ओठ दाबून स्वेटरची घडी घालत राहिली. वर्तमानपत्राखालून मुलाचा हात आला आणि त्याने किल्ली माझ्या बशीपर्यंत सरकवली. त्याने वर बघितलं नाही. मीही नाही.

सूनबाईच्या हातातल्या स्वेटरला मुकादमाने नाक लावलं. मग स्वयंपाकघरभर बघितलं, आला, आणि माझ्या पायावर बसला. मी किल्ली घेऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "चल."

तो उठला नाही. घरी तर होतोच.