आजारी माणसाने स्वतः बोलावे

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे, आणि खरा आजारी कोण व सोंगाड्या कोण हे या भूतलावर केवळ मीच ओळखू शकतो. निदान आमच्या हजेरीसाहेबांचे तसे ठाम मत होते. मला स्वतःला यातले काही कळत नाही. तारेतून आलेला आवाज कानापर्यंत पोहोचवायचा, एवढेच माझे शिक्षण.

काळेभोर अंग, गोल तबकडी आणि उचलणाऱ्याच्या मनगटाची परीक्षा पाहणारा रिसीव्हर, असे रूप घेऊन मी जन्मलो. भुशाने भरलेल्या खोक्यातून मला या गाद्यांच्या कारखान्यात आणले. इथे दिवसभर दुसऱ्यांच्या झोपेची सोय होते; स्वतः मात्र कोणी आडवे व्हायचे नसते. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. मालकीणबाई मला स्वतःच्या हाताने पुसत, आणि त्यांना न विचारता कोणी तबकडी फिरवली तर त्याची खरडपट्टी निघे. पुढे प्रत्येकाच्या खिशात माझी नातवंडे आली आणि लोक माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवू लागले.

अशात हजेरीसाहेब रुजू झाले. कारखान्यात आजारपणाच्या रजा फार होतात, असा शोध त्यांनी आल्याआल्या लावला. मग नियम निघाला. आजारी माणसाने सकाळी काम सुरू होण्याआधी फोन करावा, स्वतः बोलावे, आणि साहेब आवाजावरून आजार मान्य करतील. पटला नाही तर शेरा. तीन शेरे झाले की नोकरी गेली. मोबाइलवर खोटा खोकलाही खरा वाटतो, जुन्या फोनवर तो लगेच उघडा पडतो, असे साहेबांचे शास्त्र होते. त्यामुळे माझ्यावरची धूळ झटकली गेली. खोटे कशाला बोलू, मी खूश झालो.

गाद्या बांधणाऱ्यांत एक दादा होता. त्याला सगळे ‘कलावंत’ म्हणत. त्याचा खोकला खोल विहिरीतून यावा तसा येई. ऐकून साहेब हळहळत, “अरे, दोन दिवस पडून राहा बाबा.” जेवणाच्या सुट्टीत हा कलावंत इतरांच्या तालमी घेई.

“आधी सगळा श्वास सोड, मग ‘साहेब’ म्हण. त्यातला ‘सा’ ऐकू आला पाहिजे, ‘हेब’ नाही!”

पंचाईत झाली ती शिलाईतल्या मावशींची. त्यांचा आवाज मुळातच खणखणीत. अंग तापाने फणफणलेले असले तरी त्या “साहेब, ताप आलाय हो!” असे सांगत ते घरी लाडके पाहुणे आल्यासारखे. त्यापायी त्यांच्या नावावर दोन शेरे पडले होते. नवऱ्याचे दुकान बसल्यापासून घर मावशींच्या सुईवर चालले होते. तिसरा शेरा परवडणारा नव्हता.

आणि एके सकाळी मावशींचा घसाच बसला. मी वाजलो. साहेबांनी मला उचलले. पलीकडून नुसती हवा.

“कोण? बोला! अहो, बोला ना!”

साहेबांनी मला आपटले. मी पुन्हा वाजलो. पुन्हा हवा, पुन्हा आपटणे. तिसऱ्यांदा एक घाबरा पुरुषी आवाज आला.

“साहेब, मी तिचा नवरा बोलतोय. हिचा घसा पार बसलाय, शब्द फुटत नाही.”

“आजारी तुम्ही की त्या?”

“ती.”

“मग त्यांना द्या फोन.”

“अहो, तिला बोलताच येत नाही!”

“हे त्यांनी मला सांगू दे. नियम सगळ्यांना सारखा.”

तिसरा शेरा पडला. दुसऱ्या दिवशी मावशी कणकण अंगावर काढून स्वतः ऑफिसात आल्या. साहेबांनी कान पुढे केला. “जवळ या. अजून जवळ. हं, आता सांगा.” मावशींनी सगळी हकीकत त्यांच्या तोंडावर फुंकली. साहेबांनी ती शांतपणे आत घेतली. मालकीणबाई बाहेरगावी होत्या. त्या आल्या की निकाल लागेल, असे साहेबांनी लिहून दाखवले. मावशी बहिऱ्याही झाल्या असाव्यात, असा त्यांचा समज झाला होता.

निकालाच्या सकाळी मावशी बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. तेवढ्यात मालकीणबाईंचा फोन आला. साहेबांनी मला उचलले, तोंड उघडले आणि बाहेर पडली ती हवा.

“हॅलो? कोण आहे? बोला की! कमाल आहे, ऑफिसात चिटपाखरू नाही!”

साहेबांनी मला गदागदा हलवले, माझी वायर ओढून पाहिली. मी ठणठणीत होतो.

थोड्याच वेळात मालकीणबाई तणतणत आत आल्या. “होतात कुठे सकाळपासून?”

साहेबांनी खुर्ची दाखवली, घसा दाखवला, मला दाखवले. बाईंना ओ की ठो कळेना. शेवटी मावशी दारात आल्या. त्यांचा आवाज आदल्या संध्याकाळीच परतला होता.

“बाई, साहेबांचा घसा बसलाय. सकाळपासून इथंच आहेत, असं म्हणतायत.”

“मग फोनवर बोलायला काय झालं?”

“तेच परवा साहेब मला विचारत होते,” मावशी म्हणाल्या. “पण ते जाऊ दे. खरंच आजारी आहेत बिचारे. घरी पाठवा त्यांना.”

साहेबांनी जोरजोरात मान डोलावली.

“म्हणजे तुमच्या वतीनं या बोलल्या तर चालतं?” बाईंनी विचारले. मान पुन्हा डोलली, आणि मग मध्येच थांबली.

मालकीणबाई इतक्या हसल्या, की त्यांना नमुन्याच्या गादीवर बसावे लागले. मावशींचे तिन्ही शेरे तिथल्या तिथे खोडले गेले. थोड्या वेळाने शिलाईच्या खोलीतून सगळ्या मशिनींच्या वर मावशींचा आवाज चढला, आणि मला इतके बरे वाटले की कोणाचाही फोन नसताना मी एकदा किणकिणलो.

आता आजाऱ्यासाठी कोणीही फोन करतो. नवरा करतो, जाऊ करते, शेजारी करतात. साहेब “बरं, काळजी घ्या” म्हणून ठेवून देतात. कलावंताला हे फार लागले. परवा त्याला पहिल्यांदाच खरा खोकला झाला आणि तो कोणी पुरता ऐकूनही घेतला नाही.

तेव्हा मित्रांनो, घरात माझ्यासारखा म्हातारा असेल तर त्याला अधूनमधून पुसा, त्याला आपटू नका, आणि त्याच्याकडून माणसांची पारख करून घेऊ नका. ते त्याला झेपत नाही.

वर्षअखेरीला साहेबांनी आकडे मांडले. आजारपणाच्या रजा नियमाआधी जितक्या होत्या तितक्याच नियम असताना होत्या, आणि नियम गेल्यावरही तितक्याच आहेत.