ओढ्यापलीकडचा बाक

नर्सबाईंनी गवंड्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला आणि नजर वर न करता सांगून टाकलं,

"बर्फ पडायला लागलं की दवाखान्याची गाडी एकाच वाडीला येणार. ओढ्याच्या अलीकडे, नाहीतर पलीकडे. सगळी माणसं एका जागी राहिलात तर बरं."

"माणसं कुठली? म्हातारे म्हणा," गवंडी म्हणाला.

पोरं केव्हाच खाली शहरात गेली होती. हिवाळ्यात एका वाडीने घरं बंद करून समोर राहायला जायचं, एवढं सगळ्यांना पटलं. कोणी जायचं, यावर मात्र रोज तोंडं वाजली. शेवटी पलीकडची दुकानवाली म्हणाली, "रस्सीखेच करू. हरेल त्याने बिऱ्हाड उचलायचं."

गवंड्याने आपलं घर बायकोच्या हाताला हात लावून बांधलं होतं. ती गेल्यापासून तो एक रात्रही बाहेर झोपला नव्हता. अलीकडच्या काठावर तो सगळ्यांच्या पुढे उभा राहिला.

ओढ्यावरून दोर टाकला. काठ्या बाजूला ठेवल्या गेल्या. नर्सबाई पंच.

"भावजी, कंबर सांभाळा! मोडली तर शेकणार कोण?" दुकानवाली समोरून ओरडली.

"वहिनी, तुम्ही कवळी सांभाळा. पाण्यात पडली तर मासे हसतील!"

दोन्ही काठ खिदळले. शिट्टी वाजली.

दोर ताणला. सुतार हसता हसता खोकायला लागला, त्याची बायको त्याच्याच पायावर पाय देऊन ओढत होती. दोर हळूहळू अलीकडे येऊ लागला. दुकानवाली घसरत पाण्यात उतरली. तिने एकदाच मान वळवून मागे पाहिलं. दुकानाबाहेर तिचा नवरा बसायचा तो बाक होता.

गवंड्याने तळहात उघडले.

दोर सर्रकन उलटा धावला. अलीकडचे पाण्याकडे ओढले गेले. दुकानवालीने समोर पाहिलं. गवंडी मोकळ्या हातांनी उभा होता. तिनेही दोर सोडला. दोन्ही काठांवर सगळे धपाधप एकमेकांवर बसले.

"सोडला कोणी?" नर्सबाई ओरडल्या.

"निसटला," गवंडी म्हणाला.

"माझाही," दुकानवाली म्हणाली, आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

एकेकाला हात देऊन उठवता उठवता नर्सबाई दमल्या.

आता डोंगरमाथा पांढरा झाला आहे. पुन्हा दोर टाकायचं सगळे रोज बोलतात. अजून कुणी टाकलेला नाही.