पोट बांधणारा दोरा

साखरचौथीच्या दिवशी गडब गावाला हायवेच्या कडेला जेवढी गर्दी लोटली होती, त्याच्या निम्मी गर्दी जरी आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला कधी आली असती, तरी मला आज हे लिहायची पाळी आली नसती.

अनंत चतुर्दशीला गणपती गेले की आमच्या पेण तालुक्यात साखरचौथीचे गणपती पुन्हा बसतात. तो मुहूर्त साधून पोटबांधे महाराजांनी मंडप घातला होता. आत बहुतेक पुरुषच होते, आणि तेही सुटलेल्या पोटांचे. कुणी रोह्याच्या कंपनीतून शिफ्ट संपवून तसाच आलेला, कुणी पेणच्या मूर्तीच्या कारखान्यातून हाताला रंग घेऊन आलेला. पुढच्या रांगेत माझा जुना विद्यार्थी हरेश बसला होता. उजवा पाय लांब करून, बुटासकट.

"डॉक्टर काय करतो?" महाराजांनी माइकमध्ये विचारलं.

"कापतो!" मंडप ओरडला.

"आणि आपण?"

"बांधतो!"

"कापलेलं जोडता येत नाय, बाबांनो. बांधलेलं कधीपण सोडता येतंय. हा दोरा बेंबीवर बसला की आतली आतडी आपोआप आवळली जातात. भूकच मरते. पण एक अट हाय. दोरा असंपर्यंत गोळी नाय, इंजेक्शन नाय. दोन वैद्य एका देहात नांदत नायत!"

मी आयुष्यभर आठवीला पचनसंस्था शिकवली. बेंबीवरून आतडी आवळायची सोय शरीरात असल्याचं मला कुठल्याच पुस्तकात आढळलं नाही. पण मंडपात टाळ्या पडल्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत माझे निदान दहाबारा जुने विद्यार्थी होते. धडा बहुतेक त्यांनी परीक्षेपुरताच पाठ केला असावा.

"सर, ह्यांना समजवा हो," माझ्या शेजारी उभी असलेली अनिता म्हणाली. ही हरेशची बायको. मला घरून तीच घेऊन आली होती.

हरेशचं वजन एकशे चाळीसच्या घरात होतं आणि साखर त्याहून वाईट. मुंबईच्या डॉक्टरांनी पोटाच्या बायपासची तारीख दिली होती. जठराचा छोटासा कप्पा ठेवून तो थेट पुढच्या आतड्याला जोडायचा, म्हणजे जेवण कमी जातं आणि साखरही पुष्कळ आटोक्यात येते. नवरा-बायको दोघं समजून घ्यायला गेले होते. आहार सांगणाऱ्या बाईंचं अनितानं कान देऊन ऐकलं, हरेश मोबाइलवर मॅच बघत होता. आणि तारीख आठवड्यावर आली असताना त्याला नितेश भेटला.

नितेश हरेशच्याच वर्गातला, गडबचा. त्याच्या वजनावरून गावानं त्याला ठेवलेलं नाव मी इथे लिहीत नाही. मध्ये महिनाभर तो कंपनीच्या ट्रेनिंगला गुजरातेत गेला म्हणून सांगत होता, आणि त्यानंतर भराभर उतरत गेला. वर्षभरात ओळखू येईनासा झाला. पूर्वी कधीतरी त्यानं महाराजांचा दोरा बांधला होता. महाराजांनी लगेच त्याचा जुना फोटो मोठा करून मंडपात लावला. नितेश यावर हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

"नितेश न कापता बारीक झाला," हरेश अनिताला म्हणाला. "मग मीच कशाला कापून घेऊ? कंपनीत काय सांगू, तोंडावर ताबा नाय म्हणून पोट फाडून घेतलं?" त्यानं तारीख रद्द केली, श्रावणात दोरा बांधला आणि साखरेच्या गोळ्या बंद केल्या.

आता मंडपात नितेशसमोर भाताचं ताट आलं. त्यानं चार घास खाल्ले आणि हात धुतला. "पुरे?" महाराजांनी विचारलं. "पुरे," तो म्हणाला. लोकांनी हळहळून ताटाकडे आणि आदरानं नितेशकडे पाहिलं.

मग साखरचौथीचा प्रसाद आला. चार मोदक आणि तांब्याभर दाट साखरपाणी. नितेशचा चेहरा उतरला. पण देवाचा प्रसाद आणि तोही भर मंडपात, नाही म्हणायची सोयच नव्हती. तो प्यायला. महाराजांनी आरामात एक अभंग घेतला, एक विनोद सांगितला आणि मग हात वर केला. "आता बघा, देव कसा उतरतो!"

आणि उतरला की! नितेशला दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले, छाती धपापायला लागली, डोळे फिरले आणि तो आडवा झाला. "अंगात आलं! अंगात आलं!" माणसं त्याच्या पाया पडायला धावली. हरेशही लंगडत निघाला.

अनितानं माझा हात घट्ट धरला. "सर, हे मला सांगितलंय. आहारवाल्या बाईंनी सांगितलंय! बायपास झाल्यावर गोड खाल्लं, त्यात साखरपाणी प्यायलं, तर असंच होतं म्हणाल्या. घाम, थरथर, चक्कर. अगदी असंच."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या जठरात साखर थांबते, हळूहळू पुढे जाते. बायपासवाल्याची ती एकदम आतड्यात कोसळते, शरीरातलं पाणी तिकडे धावतं, रक्तदाब ढासळतो, काळीज पळत सुटतं. देवाचा काही संबंध नाही. महाराजांनी एकदा हे योगायोगानं पाहिलं असणार आणि तेव्हापासून तांब्या भरायला घेतला असणार.

मी माणसं बाजूला करत पुढे गेलो. "महाराज, देव फक्त साखर पाजल्यावरच का येतो? उद्या डाळभातावर आणून दाखवा."

"मास्तर, पाप लागंल!" महाराज गरजले. अनिता नितेशजवळ बसली होती, तिच्यावर ते खेकसले, "ए बाय, शिवू नको त्याला! लांब हो गो!"

तिनं लक्ष दिलं नाही. पदरानं नितेशचा घाम पुसला. तो जरा सावरल्यावर ती म्हणाली, "भावोजी, शर्ट वर करा."

नितेशनं नकारार्थी मान हलवली.

"तुमची लाज आणि माझ्या नवऱ्याचा जीव. काय मोठं, ते तुम्हीच ठरवा."

नितेश उठून बसला. मग त्यानं शर्ट वर केला. लोंबणाऱ्या कातड्यावर दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या पाच छोट्या खुणा होत्या.

मला वाटलं होतं, लोक आता महाराजांना धरतील. लोक हसले. "आयला, कापून घेतलंय की!" "गुजरातेत नाय, दवाखान्यात होता!" "बाईसारखा लपवून बसला!" ज्याच्या पायावर मिनिटभरापूर्वी डोकं ठेवलं होतं, त्याच्यावरच हसले. या गर्दीची मला आजही चीड येते.

हरेश मात्र हसला नाही. "मला का नाय सांगितलंस रे?"

"तू हसला असतास," नितेश म्हणाला.

ते खरं होतं.

"मला वाटलेलं, बारीक झालो की सगळं बदलंल," नितेश म्हणाला. "साखर गेली, गुडघे सुटले, ते खरं हाय. पण केस गळले. जन्मभर विटॅमिनच्या गोळ्या हायत. लग्नात जेवायला बसलो की लोक ताटात बघतात. दवाखान्यातून आलो म्हटलं असतं तर खादाड म्हणाले असते. महाराजांमुळे पाया पडले. आयुष्यात पहिल्यांदा कोण मला हसत नव्हता, हरेश."

हरेशला लंगडताना बघून अनितानं तोवर त्याचा बूट ओढून काढला होता. कंपनीचा जाडा बूट लागून झालेला फोड दोरा बांधल्यापासून तसाच होता. साखरेनं पाय बधिर झालेला, त्याला दुखलंच नव्हतं. मोज्याबरोबर वास आला आणि पुढची माणसं मागे सरली. दोन बोटं काळी पडली होती. या गडबडीत महाराज मंडपामागून गाडीत बसून गेले होते.

बोटं काढावी लागली. बायपास लांबला, आधी साखर आटोक्यात यायला हवी. रोह्याला त्याच्या घरी भेटायला गेलो तेव्हा हरेश म्हणाला, "सर, पोटाचं सांगायला लाजलो. आता पायाचं सगळ्यांना दिसतंय."

महाराज हल्ली दुसरीकडे कुठेतरी गुडघ्यांना दोरा बांधतात. त्यांचा पत्ता मला चारजणांनी विचारला आहे, आणि त्यातले दोघे त्या मंडपात होते.

म्हणून स्पष्टच सांगतो. लठ्ठपणा हा आजार आहे, त्याला उपचार आहेत, ते सोपे नाहीत, आणि त्यांत लाजण्यासारखं काही नाही. गोळी बंद करायला सांगेल त्याला दारातूनच परत पाठवा. आणि उद्या तुमचा मित्र पोटावरच्या खुणा दाखवायला लागला, तर कृपा करून हसू नका. महाराजांचा दोरा आपल्या त्या हसण्यावरच टिकून होता.